देवळाली कॅम्प : सीझनपुरतं गजबजणारं गाव

नाशिकरोडला रिक्षात बसून नुसतं ‘देवळाली’ म्हटलं की रिक्षावाला विचारतो, ‘गाव की कॅम्प?’ देवळाली गाव नाशिकरोडला चिकटलेलं, महापालिकेच्या हद्दीतलं. कॅम्प लॅम रोडने पुढे, भगूरच्या अलीकडे. मुंबईकर हवापालटाला येतात ते कॅम्पात. आणि या कॅम्पाचं वेळापत्रक पहिल्यापासून बाहेरच्यांनीच ठरवलेलं आहे.

आधी ते जहाजांनी ठरवलं. 1860 च्या दशकात इंग्रजांनी इथे लष्कराचा तात्पुरता तळ उभारला. 1865 मध्ये रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला पोचली आणि मुंबईचं बंदर जवळ आलं. मुदत संपलेले गोरे शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत इथे राहत. पण सैन्याची ने-आण करणारी जहाजं पावसाळा सरल्यापासून साधारण मार्चपर्यंतच सुटत. एप्रिलमध्ये ज्याची नोकरी संपली, त्याने पुढचे पाच-सहा महिने करायचं काय? कवायत नाही, काम नाही. वर ऊन, दारू आणि हिवताप. त्यातून एकेकाचं डोकं फिरे. त्याला शिपायांच्या बोलीत ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. डूलॅली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे आपला ताप. वेडसर माणसाला इंग्रजीत आजही ‘डूलॅली’ म्हणतात. गावाचं नाव जगभर गेलं, पण असं!

मग आले आजारी लोक. क्षयावर औषध नव्हतं, तेव्हा डॉक्टर कोरडी, मोकळी हवा सांगत. मुंबईपासून रेल्वेने सुमारे 180 किलोमीटरवर, घाटमाथ्यावरची ती हवा इथे होती. पारशी, भाटिया, लोहाणा, जैन अशा मुंबईतल्या समाजांनी आपापल्या माणसांसाठी सॅनेटोरियम बांधली. उंच छताच्या खोल्या, पुढे लांब व्हरांडा, मागे स्वयंपाकघर. पुढे क्षयावर औषधं आली, रुग्ण कमी झाले. पाटीवरचा ‘सॅनेटोरियम’ शब्द मात्र तसाच राहिला. दिवाळीत आणि मे महिन्यात आजी-आजोबा, नातवंडं, महाराज (म्हणजे स्वयंपाकी) आणि डबे-पातेली घेऊन कुटुंबं येऊ लागली. बाजारातल्या दुकानदारांचं वर्ष या दोन महिन्यांवर तोललेलं असे. कॅम्पातल्या मराठी वाण्याचं गुजराती इतकं सफाईदार का, याचं उत्तर इथे आहे.

या पाहुण्यांखेरीजचा कॅम्प मात्र कुणाच्या सुट्टीतल्या फोटोत येत नाही. 1925 मध्ये बार्न्स स्कूल इथे सुरू झालं आणि वसतिगृहातल्या मुलांचा वेगळाच हंगाम सुरू झाला. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. त्यातले कित्येक गेलेच नाहीत, त्यांनी दुकानं थाटली. लष्कराच्या तोफखान्याची प्रशिक्षण संस्था तर फाळणीच्या आधीच काकूलहून (हे आता पाकिस्तानात) इकडे हलली होती. रेंजवर सराव चालला की खिडक्यांच्या काचा थरथरतात. नवा पाहुणा दचकतो, कॅम्पातलं माणूस चहा ओतत राहतं.

2011 च्या जनगणनेत छावणीच्या, म्हणजे लष्कराच्या कॅन्टोन्मेंटच्या, हद्दीत 50 हजारांहून जास्त लोक मोजले गेले. हा आकडा लहान, शांत गावाचा वाटत नाही. पण त्यात बदलीवर येणारे जवान आणि त्यांची कुटुंबंही आहेत. शांतता आहे ती बंगल्यांच्या भागात, आणि ती काही निसर्गाची देणगी नव्हे. छावणीतल्या बऱ्याच बंगल्यांच्या जमिनी सरकारच्या, बांधकामावर निर्बंध, म्हणून नाशिकरोडसारखे टॉवर इथे उठले नाहीत. दुसरीकडे येणारेही ओसरले. देशात 2001 मध्ये 69,601 पारशी होते, 2011 मध्ये 57,264. बाकीच्यांची मुलं मे महिन्यात आता इथे महिनाभर कशाला राहतील? शनिवारी येतात, रविवारी परततात.

छावण्यांचा नागरी भाग लगतच्या पालिकांना जोडण्याची केंद्राची मोहीम 2023 मध्ये हिमाचलातल्या योलपासून सुरू झाली आणि देवळालीचंही नाव चर्चेत आलं. कुणाला पालिकेच्या सोयी हव्यात, कुणाला टॉवरची धास्ती आहे. मला धास्तीवाल्यांचं जास्त पटतं. अर्थात कॅम्पात माझा बंगला नाही, त्यामुळे बोलणं सोपं आहे.

येत्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. दिवाळी केव्हाच सरलेली, मे अजून लांब. बंगल्याचे मालक मुंबईत मोजले जातील. देवळालीच्या खात्यात लागेल तो मागच्या आउटहाउसमध्ये राहून वर्षभर बाग राखणारा माळी, त्याची बायको आणि मुलं.