वैद्यकीय भाकितं आणि विदर्भातली खेडी

वैद्यकीय भाकितं म्हणजे पुढे उपचार कसे असतील, कोणता रोग कधी संपेल याचे शास्त्रज्ञ, सरकारं आणि पेपरवाले आधीच करून ठेवतात ते अंदाज. मशीन येणार म्हटलं की बहुतेकदा येते, पण अमुक साली रोग संपेल म्हटलं की तारीख हमखास हुकते, कारण शोध लागल्यावर तो गडचिरोली-मेळघाटातल्या पाड्यापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील हे कोणी धरतच नाही.

१९०० साली जॉन एल्फ्रेथ वॉटकिन्स या अमेरिकन पत्रकाराने शंभर वर्षांनंतरचे अंदाज छापले होते. डॉक्टर न दिसणाऱ्या किरणांनी जिवंत माणसाच्या आतलं बघतील, हे बरोबर निघालं (एक्सरे आधीच आला होता म्हणा). औषध पोटात घ्यायची फारशी गरज राहणार नाही, हे साफ चुकलं. आणि डास-माश्या उरणार नाहीत, हे तर धानपट्ट्यात कोणाला सांगूच नका. भारताने १९५८ ला मलेरिया निर्मूलनाचा कार्यक्रम घेतला, डीडीटी मारून मारून साठच्या दशकात पेशंट वर्षाला लाखाच्या आसपास आणले, सगळ्यांना वाटलं संपलंच, आणि १९७६ ला आकडा ६० लाखांच्या वर गेला. गडचिरोलीत अजूनही मच्छरदाण्या वाटणं सुरूच आहे.

देवी मात्र खरंच गेली. लशीने हा रोग नष्ट होईल असं ती लस काढणाऱ्या जेन्नरने १८०१ मध्येच लिहिलं होतं, भारतातला शेवटचा पेशंट १९७५ चा. पण हा रोग माणसाशिवाय कुठे लपत नाही आणि चेहऱ्यावर दिसतो, बाकीचे रोग एवढे सरळ नसतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगचंही खरं ठरलं: पेनिसिलिन कमी डोसात घेतलं तर जंतू त्याला सरावतील असं तो १९४५ च्या नोबेल भाषणात म्हणाला होता. मेडिकलवरून दोन दिवसाच्या गोळ्या आणायच्या, ताप उतरला की बंद, हे आपल्याकडे घरोघरी चालतं.

विदर्भासाठी सगळ्यात मोठं उदाहरण सिकलसेलचं, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचं. पूर्व विदर्भात, खास करून आदिवासी आणि दलित समाजात, हा आजार बराच आहे. त्याचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे १९४९ लाच कळलं होतं, म्हणजे जीन्सवरच्या उपचाराला याच्यापेक्षा सोपा रोग नव्हता. २००० साली मानवी जीनोमचा (माणसाच्या सगळ्या जीन्सचा) कच्चा नकाशा जाहीर करताना अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन म्हणाले की बहुतेक सगळ्या रोगांचं निदान आणि उपचार बदलून जातील. सिकलसेलवर तसा जीन्सवरचा उपचार आला तो २०२३ च्या शेवटी, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींच्या वर! इकडे मात्र बोटातून थेंबभर रक्त काढून टेस्ट ट्यूबमधल्या द्रावणात टाकतात, गढूळ होऊन ट्यूबमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की संशय, मग इलेक्ट्रोफोरेसिसने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीने) ठरतं एएस पॅटर्न (नुसता वाहक) की एसएस (आजारी). एसएस असला तर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, दुखणं उठलं की भरती. दोघं नवराबायको एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस निघायची २५ टक्के शक्यता, म्हणून लग्नाआधी सिकलसेल तपासणीचं कार्ड बघा म्हणतात, पण पत्रिका काढतात तसं कार्ड काढायला लोक लाजतात. आता सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं जाहीर केलंय, म्हणजे अजून एक तारीख.

याउलट गडचिरोलीत जे घडलं ते कोणाच्याच भाकितात नव्हतं. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं: वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी, श्वास मोजायचं मण्यांचं साधन, आणि गरज पडली तर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा त्याच देणार. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, आणि पुढे हेच काम देशभर आशाताईंकडे आलं.