सिंफनी आणि पार्श्वसंगीत: वाद्यवृंद एक, वेळेचे मालक दोन

सोलापुरात ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द उच्चारला की गणेशोत्सवाच्या मंडपात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या साथीने जुनी हिंदी गाणी सादर करणारा संच डोळ्यांसमोर येतो. युरोपात या शब्दाने ओळखला जाणारा साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो चित्रपटगृहातच. त्यामुळे तसा भरदार नाद कानी पडला की ‘हे पाश्चात्त्य अभिजात संगीत’ असे आपण सहज म्हणून जातो, आणि पुढे ‘चित्रपटाचे पार्श्वसंगीत म्हणजेच आजची सिंफनी’ (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली, सहसा अनेक भागांची मोठी रचना) असे विधानही ऐकू येते. हे विधान अगदीच निराधार नाही. पण ते ज्या साम्यावर उभे आहे, ते नादाचे साम्य आहे, रचनेचे नव्हे.

नादाचे साम्य खरे आहे, कारण दोन्हींकडे माणसे बऱ्याचदा तीच होती. फ्रान्समधील नामवंत संगीतकार कामी सेंट-सान्स यांनी 1908 मध्येच एका मूकपटासाठी स्वतंत्र संगीत लिहिले होते. व्हिएन्नातील एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड हे ऑपेरासाठी, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकासाठी, प्रसिद्ध झालेले संगीतकार 1934 मध्ये हॉलिवूडला गेले आणि त्यांनी ऑपेराची भाषा चित्रपटात आणली. विशिष्ट पात्रासाठी विशिष्ट स्वरवाक्य योजण्याची जी पद्धत आपण चित्रपटांची म्हणून ओळखतो, ती जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांतून आलेली आहे.

फरक आहे तो वेळ कोणाच्या हाती, यात. बेथोव्हेनच्या 1808 मध्ये प्रथम सादर झालेल्या पाचव्या सिंफनीची सुरुवात चार स्वरांच्या एका लहानशा आकृतीने होते. ती आकृती किती वेळा परतवायची, कुठे मोडायची, कोणत्या वाद्याकडे सोपवायची आणि कधी पुरी करायची, हे सारे संगीताच्या अंतर्गत गरजेतून ठरते. आपल्याकडे विलंबित ख्याल मांडणारा गायक एखाद्या स्वरावर हवा तितका रेंगाळतो आणि समेवर येण्याची घाई करत नाही. श्रोत्यानेही ते मान्य केलेले असते. रचनाकाराने आधी लिहून ठेवलेली सिंफनी आणि मैफलीत घडत जाणारा ख्याल यांत अंतर मोठे आहे. पण वेळ संगीताच्या मालकीची असणे, हे दोहोंत समान आहे.

पार्श्वसंगीतात ही मालकी संकलकाकडे जाते. चित्रपट साधारणपणे सेकंदाला 24 चौकटींच्या गतीने चालतो आणि संगीतकाराला तयार दृश्याच्या मापाने लिहावे लागते. तो दिग्दर्शकासह चित्रपट पाहतो, कुठे संगीत सुरू व्हावे व कुठे थांबावे हे दोघे मिळून ठरवतात, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी वादकांच्या कानांत ठोके वाजत राहतात, जेणेकरून दार उघडण्याच्या क्षणीच तुताऱ्या वाजाव्यात. नंतर त्या दृश्यातून दोन सेकंद कापले, तर सुरावट कितीही सुंदर असो, तीही कापली जाते किंवा पुन्हा लिहावी लागते. शिवाय संवाद सुरू झाला की संगीताने मागे सरायचे असते. सिंफनीला असा शेजारधर्म पाळावा लागत नाही.

म्हणूनच चित्रपटातून मैफलीत जाताना संगीताला सहसा नव्याने बांधून घ्यावे लागते. अंटार्क्टिकवरील मोहिमेच्या 1948 च्या चित्रपटासाठी राल्फ वॉन विल्यम्स यांनी लिहिलेल्या संगीतातूनच त्यांची सातवी सिंफनी तयार झाली, पण ती 1953 मध्ये, पाच भागांच्या स्वतंत्र रचनेच्या रूपात लोकांसमोर आली. कोर्नगोल्ड यांनीही आपल्या चित्रपटांतील स्वरवाक्ये घेऊन व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, रचला. पार्श्वसंगीत मुळातच सिंफनी असते, तर हा खटाटोप त्यांनी केला नसता. उलट दिशेचा प्रवास मात्र सोपा असतो: रिचर्ड स्ट्राउस यांची 1896 ची रचना स्टॅनली क्युब्रिक यांनी 1968 मध्ये आपल्या अंतराळपटाच्या आरंभी वापरली, तेव्हा त्यांना तिचे फक्त सुरुवातीचे काही क्षण हवे होते.

भारतात हाच प्रश्न रागसंगीताच्या अंगाने येतो. ‘पथेर पांचाली’ (1955) साठी पंडित रविशंकर यांनी दिलेले संगीत रागांच्या मुशीतले असले, तरी तिथे आलाप-जोड-झाला असा विस्तार नाही आणि तो नाही म्हणून काही उणे राहत नाही. इळैयराजा यांचे उदाहरण तर अधिक स्पष्ट आहे. शेकडो चित्रपटांना संगीत दिलेल्या या रचनाकाराने 8 मार्च 2025 रोजी लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून आपली सिंफनी सादर करवली, ती चित्रपटगीतांची मालिका म्हणून नव्हे, तर वेगळी कृती म्हणून.

हे ऐकून पार्श्वसंगीताला दुय्यम ठरवण्याचा मोह होईल. मला तो चुकीचा वाटतो. आपल्या जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचे नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (2016) मध्ये अजय-अतुल यांनी गाण्यांसाठी थेट लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला; पण त्या चित्रपटात प्रेक्षकाचा श्वास रोखला जातो तो अखेरीस, लहान मूल रक्ताळलेली पावले उमटवत चालू लागते आणि काहीच ऐकू येत नाही तेव्हा. तिथे संगीत न ठेवणे हाही पार्श्वसंगीताचाच निर्णय आहे, आणि दृश्य सोबत असल्यामुळेच तो पेलतो. सिंफनीच्या स्वरलिपीत एवढा लांब विराम लिहिला, तर कार्यक्रम संपला असे समजून श्रोते टाळ्या वाजवू लागतील.