नाक दाबले की तोंड उघडते? आयातशुल्काच्या लढाया आणि बेळगावचा अनुभव

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 टक्के जादा शुल्क लावले. मग भारत रशियाचे तेल घेतो हे कारण पुढे करून 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के चढवले. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचे शुल्क तर वेगळ्या कायद्याखाली जूनमध्येच 50 टक्क्यांवर गेले होते. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फौंड्रीवाल्यांना, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखानदारांना, पहिला प्रश्न पडला तो हा, की आपले कास्टिंग (ओतलेला भाग) यातल्या कोणत्या खान्यात बसते? पंपाचे, व्हॉल्व्हचे, गाडीचे, ट्रॅक्टरचे असे भाग जकातीच्या वेगवेगळ्या कोडखाली मोडतात आणि कोडप्रमाणे दर बदलतो.

हे शुल्क भारत भरत नाही. अमेरिकेच्या बंदरात माल उतरला की तिथला आयातदार ते आपल्याच सरकारला भरतो. मात्र ते भरून झाले की त्याचा मेल येतो: भावात इतके उतरा, नाहीतर ऑर्डर होल्ड. फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून साचा घेतात तो नमुना, बहुधा गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. त्याच्यावर पार्ट नंबर कोरलेला असतो आणि दुसऱ्या कुणाच्या मालाला तो चालत नाही. ऑर्डर थांबली की पॅटर्न रॅकवर जातो, आणि मोल्डिंग-फेटलिंगला (साचे भरायला आणि ओतलेला माल घासून साफ करायला) कंत्राटावर असलेल्या, खानापूर किंवा चंदगडकडच्या खेड्यांतून रोज येणाऱ्या पोरांना सांगितले जाते की पुढच्या आठवड्यात फोन करतो. जॉबवर्कवर चालणारी छोटी मशीन शॉप त्याच्याही आधी बसतात. विजेचा डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर भारावरचा ठरावीक आकार, मात्र भट्टी चालो न चालो, भरावाच लागतो.

दुसऱ्या देशाला वठणीवर आणायला शुल्क हे शहाणपणाचे हत्यार आहे का, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. या जिल्ह्याने हे हत्यार फार जवळून पाहिले आहे, आणि तेही दोन वेगवेगळ्या कामांसाठी वापरलेले: एक आपले रोपटे वाढवायला, दुसरे शेजाऱ्याचे नाक दाबायला. दोन्हींना एकच नाव असल्यामुळे चर्चेत त्यांची सरमिसळ होते.

गोव्यापासून सुरुवात करू. 1878 मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थान व गोवा यांच्यामधली जकात उठली. माल इकडून तिकडे मोकळा जाऊ लागला. याच कराराच्या आधाराने मुरगाव बंदराला जोडणारा लोहमार्ग झाला आणि 1888 मध्ये सीमेजवळच्या कॅसलरॉकहून गाडी थेट बंदरापर्यंत धावली. त्याआधी बेळगावचा कापूस आणि धान्य बैलगाड्यांनी आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला जाई. रेल्वे आल्यावर तो ओघ वळला आणि वेंगुर्ले मागे पडत गेले. पण करारात गोव्याच्या मिठागरांवर ब्रिटिशांचा ताबा आला होता. बदल्यात वर्षाला 4 लाख रुपये गोवा सरकारला मिळत, मिठावर पोट असणाऱ्यांच्या पदरात मात्र नाराजीच पडली. 1892 मध्ये मुदत संपली, करार पुढे चालला नाही आणि सीमेवर जकातीची नाकी पुन्हा उभी राहिली.

त्याच सीमेवर 1955 मध्ये यापेक्षा कडक प्रयोग झाला. पोर्तुगालने गोवा सोडावा म्हणून भारताने आर्थिक नाकेबंदी केली. कॅसलरॉकच्या पुढची रेल्वे बंद झाली, व्यापार तुटला. ही नाकेबंदी शुल्काच्या कितीतरी पुढची पायरी, पण तर्क तोच: नाक दाबले की तोंड उघडते. उघडले का? गोव्याने बटाटे हॉलंडहून, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, सिमेंट जपानहून आणले. लोहखनिजाच्या निर्यातीतून पैसा येत राहिला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे सरकार तसूभर हलले नाही आणि प्रश्न सुटला तो डिसेंबर 1961 मध्ये, लष्करी कारवाईने. मधली सहा वर्षे बेळगाव-खानापूरच्या भाजी-धान्याच्या व्यापाऱ्याची हक्काची बाजारपेठ गेली, आणि सोने-घड्याळांची चोरटी वाहतूक करणाऱ्यांचे फावले. गोवामुक्तीचा हेतू शंभर टक्के न्याय्य होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. साधन मात्र ज्याच्यावर रोखले होते त्याला लागले नाही.

रोपटे वाढवण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तीही याच मातीत घडली. इंग्रजांच्या राज्यात आधी उलटाच कारभार होता. 1896 मध्ये बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क ठेवले आणि लँकशायरच्या गिरणीवाल्यांचे समाधान व्हावे म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला. म्हणजे शुल्काचा जो काही आधार मिळायचा, तो दुसऱ्या हाताने काढून घेतला. पाव शतकाहून जास्त काळ चाललेला हा अन्याय 1925 च्या डिसेंबरात थांबला.

मग 1932 मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा आला. तोवर बाजारात जावा बेटाची (आजच्या इंडोनेशियातली) साखर भरलेली असे. कोणत्या उद्योगाला संरक्षण द्यावे हे तपासणाऱ्या सरकारी टॅरिफ बोर्डाने आधी चौकशी केली, उसाचा आणि साखरेचा खर्च मोजला, किती शुल्क आणि किती वर्षे हे ठरवले. देशात तिशीच्या आसपास असलेले साखर कारखाने पाच-सहा वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. कृष्णाकाठी, तेव्हाच्या सांगली संस्थानात, 1939 मध्ये उगार शुगर उभा राहिला तो याच लाटेत. आज अथणी, कागवड, चिकोडीकडे ऊस हेच अर्थकारण आहे. त्याच्या मुळाशी एक आयातशुल्क आहे हे विसरून, शुल्क म्हणजे सरसकट वाईट असे मला म्हणता येत नाही. पण याचा भार देशातल्या गिऱ्हाइकाने महाग साखर खाऊन उचलला, आणि जावाच्या मळ्यांत-कारखान्यांत हजारोंचा रोजगार बुडाला, हेही त्याच हिशेबात धरायला हवे.

नाक दाबण्याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेनेच 1930 मध्ये जगाला दिला. स्मूट-हॉली कायद्याने शुल्के चढवू नयेत म्हणून हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हूव्हर यांना विनवले होते. त्यांनी सही केली. कॅनडाने लगेच उलटे शुल्क लावले, युरोपातल्या देशांनीही. 1934 पर्यंत जागतिक व्यापाराचे मूल्य सुमारे दोन तृतीयांशाने घसरले. सगळा दोष त्या कायद्याचा नव्हे, मंदी आधीच आली होती. पण सूडाच्या फेऱ्यांनी ती खोल केली. त्या पोळण्यातूनच शुल्के आणि व्यापार यांचे नियम घालणारा 1947 चा गॅट करार झाला. त्यावर सही करणाऱ्या 23 देशांत भारत होता. 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि भांडणे मांडायला एक जागा झाली.

अमेरिकेशी आपली आधीची झटापटही आठवण्यासारखी आहे. 2018 मध्ये पोलादावर 25 आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क लागले. जून 2019 मध्ये आपली जीएसपी सवलत (विकसनशील देशांच्या काही मालाला अमेरिकेत शुल्कमाफी) काढली गेली, आणि त्याच महिन्यात भारताने बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा अशा 28 वस्तूंवर जादा शुल्क लावले. वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंद बागायतदारांच्या हातून भारताची बाजारपेठ जवळजवळ गेली, आणि तुर्कस्तान-इराणच्या मालाने ती घेतली. त्या बागायतदारांचा पोलादाशी काय संबंध? जेवढा आपल्या मोल्डरचा रशियन तेलाशी. अखेर जून 2023 मध्ये दोन्ही देशांनी आपसातले सहा वाद बोलणी करून मिटवले. चार वर्षांनी जे टेबलावर झाले, ते पहिल्या वर्षी होऊ शकले नसते का?

आता टेबलच डळमळीत आहे. सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवल्यामुळे जागतिक व्यापार संघटनेची अपील संस्था डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे. खाली निकाल लागला तरी हरलेला देश अपील करून तो कायमचा लटकवू शकतो. मोठा देश यातूनही आपले काम करून घेतो. अडकतो तो छोटा निर्यातदार, ज्याच्याकडे ना वकील आहे ना दुसरे गिऱ्हाईक शोधायला वर्षभराची सवड.

आपल्या घरातलेही बघायला हवे. 1 जानेवारी 2025 पासून दिल्लीने कमी राखेच्या मेटलर्जिकल कोकच्या (भट्टीत जाळायच्या, दगडी कोळशापासून केलेल्या इंधनाच्या) आयातीवर देशवार कोटा घातला आणि पुढे त्याची मुदत वाढवली. हेतू देशी कोक उत्पादकांना सांभाळण्याचा. पण कोक जाळून लोखंड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीवर चालणाऱ्या फौंड्रीला कोक हाच जीव. एकीकडे अमेरिकेचे शुल्क, दुसरीकडे कच्च्या मालावर आपलाच चाप, अशा कात्रीत तिने उभे राहायचे कसे? 1932 ला जशी आधी चौकशी झाली, कुणाला किती आणि किती वर्षे हे कायद्यात लिहिले गेले, तशी चौकशी कोकच्या बाबतीत उघडपणे झाली पाहिजे, आणि तिथे कोकवाल्यांच्या बरोबरीने बेळगाव-कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांचेही ऐकून घेतले पाहिजे.