प्लास्टिक आच्छादनाचे विघटन

शेतात गादीवाफ्यावर अंथरलेली पातळ प्लास्टिक फिल्म ऊन, पाणी, हवा व माती यांच्या परिणामाने जीर्ण होत जाण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात या फिल्मला सर्रास ‘मल्चिंग पेपर’ म्हणतात. कलिंगड, टोमॅटो, मिरची यांसारख्या पिकांसाठी ती बहुधा २५ ते ३० मायक्रॉन जाडीची, वरून चंदेरी व खालून काळी वापरतात. ‘विघटन’ या एकाच शब्दाने येथे दोन भिन्न घटना सांगितल्या जातात. फिल्म ठिसूळ होऊन तिचे तुकडे पडणे, म्हणजे खंडन, ही एक. आणि तिच्यातील कार्बनचे सूक्ष्मजीवांच्या क्रियेने कार्बन डाय-ऑक्साइड व जैवभार यांत रूपांतर होणे, म्हणजे जैवविघटन, ही दुसरी. पहिली घडली म्हणून दुसरी घडली असे मुळीच ठरत नाही आणि या विषयातील बहुतेक गैरसमज हा भेद न पाळल्याने झालेले आहेत.

आच्छादनाची फिल्म मुख्यतः कमी घनतेच्या पॉलिएथिलिनाची (पॉलिथिनची) असते. हान्स फोन पेखमान यांना १८९८ च्या सुमारास असाच एक मेणचट पदार्थ आढळला होता. तथापि औद्योगिक पॉलिएथिलिनाचा आरंभ इंग्लंडमध्ये १९३३ साली झालेल्या शोधापासून धरतात. शेतीत फिल्मचा वापर दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारणपणे १९५० च्या दशकात, रूढ होऊ लागला. त्यात अमेरिकेच्या केंटकी विद्यापीठातील ई. एम. एमर्ट यांच्या प्रयोगांचा वाटा मोठा मानला जातो.

सूर्यप्रकाशातील जमिनीपर्यंत पोचणारे जंबुपार (अतिनील) किरण सुमारे २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. ३०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची ऊर्जा मोलमागे (मोल हे कणसंख्येचे एकक) सुमारे ४०० किलोजूल भरते, तर कार्बन-कार्बन बंध तोडण्यास सुमारे ३५० किलोजूल लागतात. म्हणजे ऊर्जा पुरेशी आहे; परंतु शुद्ध पॉलिएथिलीन हे किरण जवळजवळ शोषतच नाही. तरीही फिल्म उन्हाने जाते, त्याअर्थी किरण शोषणारे काहीतरी तिच्यात आधीपासून असले पाहिजे. ते नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. वितळलेल्या प्लास्टिकापासून फिल्म फुगवताना उष्णता व हवा यांमुळे रेणुसाखळ्यांवर हायड्रोपेरॉक्साइड व कार्बोनिल हे ऑक्सिजनयुक्त अणुगट निर्माण होतात, तसेच उत्प्रेरकातील धातूंचे अंशही मागे राहतात. ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठातील जेराल्ड स्कॉट यांनी झिजेच्या आरंभाचे श्रेय मुख्यत्वे हायड्रोपेरॉक्साइडांना दिले. दुसऱ्या मतानुसार कार्बोनिल गट हेच खरे शोषक होत. तिसरे मत ऑक्सिजन व बहुवारिक (लांब रेणुसाखळ्यांचा पदार्थ, येथे पॉलिएथिलीन) यांच्यातील विद्युत् भार-स्थानांतरण संकुलांवर, म्हणजे विद्युत् भार एकाकडून दुसऱ्याकडे सरकून जुळलेल्या जोड्यांवर, भर देते. सुरुवातीस हायड्रोपेरॉक्साइडांचा प्रभाव अधिक असतो आणि कार्बोनिल साचत गेले की त्यांचा वाटा वाढतो, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

पुढील टप्प्यांविषयी मतभेद कमी आहेत. कार्बोनिल गटाजवळ साखळी दोन प्रकारांनी तुटते. या विक्रिया १९६७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी रॉनल्ड नॉरिश यांच्या नावाने ओळखल्या जातात. पहिल्या प्रकारात मुक्त मूलके (अतिशय क्रियाशील रेणुतुकडे) निर्माण होऊन ऑक्सिडीभवन, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, पुढे चालते. दुसऱ्यात मूलके न होता साखळी सरळ दुभंगते, आणि पॉलिएथिलिनात हाच प्रकार प्रबळ मानतात. ऑक्सिजन स्फटिकी (साखळ्या शिस्तीत रचलेल्या) भागापेक्षा अस्फटिकी भागात सहज शिरतो, म्हणून प्रथम तोच भाग झिजतो. तुटलेल्या साखळ्या नव्याने रचल्या जाऊन स्फटिकता वाढते व फिल्म तडकू लागते. झीज किती झाली हे अवरक्त वर्णपटातील कार्बोनिल पट्ट्याच्या तीव्रतेवरून ठरवतात.

काळ्या फिल्ममध्ये घातलेली दोन ते तीन टक्के काजळी किरण अडवून ही झीज लांबवते. पारदर्शक फिल्ममध्ये त्यासाठी अमाइन वर्गातील स्थिरके (झीज रोखणारी रसायने) घालतात. गंधक व क्लोरीनयुक्त कीडनाशकांच्या संपर्काने ती निष्प्रभ होऊ शकतात. पॉलिहाउसच्या तापलेल्या पाइपांना टेकलेला फिल्मचा पट्टा बाकीच्या आधी जातो, हा अनुभवही सार्वत्रिक आहे.

मातीखाली परिस्थिती उलट असते. सूक्ष्मजीव विपुल, पण प्रकाश नाही आणि ऑक्सिडीभवनही मंद. स्टॉकहोम येथील ॲन-क्रिस्टिन आल्बर्टसन यांनी किरणोत्सर्गी कार्बनने अंकित केलेली फिल्म दीर्घकाळ मातीत ठेवली, तेव्हा आधी किरण न दिलेल्या फिल्ममधील कार्बनपैकी दहा वर्षांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपात बाहेर पडला. आधी जंबुपार किरण दिल्यास हे प्रमाण वाढते. जपानमध्ये ३२ वर्षांहून अधिक काळ पुरलेल्या फिल्मवर पांढुरके, जीर्ण झालेले डाग आढळले, परंतु फिल्म नाहीशी झाली नव्हती.

याचा परिणाम शेतात डोळ्यांनी दिसतो. हंगाम संपल्यावर कागद ओढू लागले की वाफ्याच्या माथ्यावरचा, उन्हात पोळलेला भाग बोटांत चुरतो. कडेच्या चरात मातीने दाबलेली पट्टी मात्र अजून लवचीक असते, ओढली तर ताणते. त्यामुळे फिल्म बहुधा मातीच्या रेषेवर तुटते आणि दाबलेली पट्टी रानातच राहते. पुढे रोटाव्हेटर फिरला की तिचे तुकडे वेचण्यापलीकडे जातात. फिल्म जितकी पातळ तितके हे अधिक. चीनमध्ये, विशेषतः शिंजियांगच्या कापूसक्षेत्रात, अवघ्या ८ मायक्रॉनच्या फिल्मचे अवशेष जमिनीत साचत गेले. तेथील राष्ट्रीय मानकात २०१७ साली किमान जाडी १० मायक्रॉन करण्यात आली, ती फिल्म अखंड गोळा करता यावी म्हणून.

धातूंचे क्षार मिसळून फिल्मचे खंडन लवकर घडवण्याचा मार्ग स्कॉट यांनी पुरस्कारला होता. जैवविघटन सिद्ध होत नसल्याच्या आक्षेपावरून युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा ऑक्सो-विघटनशील प्लास्टिकाच्या वस्तू बाजारात आणण्यास मनाई केली. मातीत जैवविघटन पावणाऱ्या आच्छादनासाठी २०१८ चे युरोपीय मानक दोन वर्षांत ९० टक्के कार्बनचे कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये रूपांतर होणे आवश्यक ठरवते. अशा फिल्ममध्ये पीबॅट हे पॉलिएस्टर बरेच वापरतात. झुरिक येथील संशोधकांनी २०१८ मध्ये अंकित कार्बनच्या साहाय्याने, पीबॅटमधील कार्बन मातीतील सूक्ष्मजीवांच्या शरीरात उतरतो हे दाखवले. येथे सूर्यप्रकाशाची भूमिका मात्र बदलते. उन्हाने पॉलिएथिलीन सूक्ष्मजीवांना थोडे अधिक सुलभ होते, तर पीबॅटच्या साखळ्या जंबुपार किरणांनी एकमेकींना जोडल्या जाऊन जैवविघटन मंदावते. म्हणून या फिल्ममध्येही काजळी घालून प्रकाश अडवणे उपयुक्त ठरते.