बाणाच्या आधी पोचणारा आवाज

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी लवकर गेलं की चितळांचा कळप कधीकधी रस्त्याच्या अगदी कडेला चरताना दिसतो. असाच एकदा वीसेक पावलांवरून मी फोटो काढला. कॅमेऱ्याचा ‘खट्’ आवाज झाला मात्र, जवळच्या मादीचे दोन्ही कान माझ्याकडे वळले आणि तिचं सगळं अंग झटकन खाली दबलं. ती पळाली नाही, पण चारही पाय दुमडून उडी मारायच्या तयारीत उभी राहिली.

तिरकमठ्याने हरणाची शिकार करणं इतकं कठीण का, ते त्या दबण्यात कळतं.

आधी धनुष्याचा हिशेब पाहू. साधं लाकडी किंवा बांबूचं धनुष्य पूर्ण ओढायला समजा 20 किलो वजन उचलण्याइतकं बळ लागतं आणि दोरी अर्धा मीटर मागे येते. म्हणजे त्यात साधारण 50 ज्यूल ऊर्जा साठते. मुंबईत इमारतींना बांधलेली बांबूची परांची आपण रोज बघतो. माणूस चढला की बांबू लवतो, उतरला की सरळ होतो. सालीजवळ त्याचे तंतू दाट असतात, म्हणून हा ताण तो सोसतो. साठलेल्या ऊर्जेपैकी सुमारे दोन तृतीयांश बाणाला मिळते आणि 30 ग्रॅमचा बाण सेकंदाला 47 मीटर वेगाने सुटतो. शिवाजी पार्कावर एखाद्या वेगवान गोलंदाजाने ताशी 140 किलोमीटरने टाकलेल्या चेंडूत याच्या साडेतीनपट ऊर्जा असते! तरी बाण घातक ठरतो, कारण त्याची सगळी ताकद पात्याच्या बारीक धारेवर एकवटते. तो धक्क्याने मारत नाही, कापत जातो.

आता आवाजाकडे येऊ. दोरी सुटताना जो टणत्कार होतो, तो सेकंदाला सुमारे 340 मीटरने धावतो. हरीण 20 मीटरवर असेल तर आवाज 0.06 सेकंदात पोचतो आणि बाणाला 0.43 सेकंद लागतात. दचकायला हरणाने दहावा भाग सेकंद घेतला असं धरलं, तरी पाव सेकंद त्याच्या हातात उरतो. पळायचं तर आधी पाय दुमडावे लागतात. पाय दुमडले की शरीराचा आधार जातो आणि ते गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. पाव सेकंदात ते फूटभर खाली येऊ शकतं. फुफ्फुसावर धरलेला नेम पाठीवरून निघून जातो.

हरणाला बाण दिसलेला नसतो, चुकवायचाही नसतो. ते फक्त पळायला निघालेलं असतं.

हेच गणित 10 मीटरवर करून पाहिलं तेव्हा मी थक्क झालो. अंतर निम्मं झालं, पण हरणाचं दबणं फूटभरावरून जेमतेम 3 सेंटिमीटरवर आलं. दचकून झाल्यावर हातात जवळजवळ वेळच उरत नाही, आणि खाली येणं वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं. म्हणून जुन्या शिकाऱ्यांचं खरं कौशल्य नेमापेक्षा जवळ जाण्यात होतं, असं मला वाटतं.

1911 साली कॅलिफोर्नियात ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकी जमातीतला उरलेला शेवटचा माणूस, इशी, जगासमोर आला. सॅक्सटन पोप हे डॉक्टर त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले आणि त्याच्या पद्धती त्यांनी लिहून ठेवल्या. शिकारीला निघायच्या आधी इशी मासे आणि तंबाखू वर्ज्य करायचा, आंघोळ करायचा. अंगाला वास नको. कोवळं पान दुमडून ओठांत धरायचा आणि पाडसासारखा आवाज काढून हरणाला आपल्याकडे बोलवायचा. तो त्या 20 मीटरांचे 10 करत होता.

अमेरिकेत आजही धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर आहे. पारंपरिक धनुष्य वापरणारे तिथले कित्येक शिकारी दोरीला लोकरीचे किंवा केसाळ कातड्याचे झुबके बांधतात आणि मुद्दाम जड बाण निवडतात. जड बाण हळू जातो खरा, पण धनुष्याची जास्त ऊर्जा स्वतःबरोबर नेतो. मागे थरथरायला थोडीच उरते आणि टणत्कार दबतो. वेग वाढवून आवाजाला हरवता येत नाही, म्हणून आवाजच कमी करायचा.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच राहायला हवी, असं मी मनापासून मानतो. तिरकमठा घेतलेली माणसं आता वारली चित्रांत भेटतात. पण बोरिवलीच्या त्या जंगलात जवळ जाण्याचं हे गणित रोज रात्री कुणीतरी सोडवतच असतं. बिबट्याही लांबवर पाठलाग करत नाही. झुडपाआडून एकेक पाऊल दाबत काही मीटरवर येतो आणि मगच झेप घेतो.

त्या सकाळी मादीने पुढचा खूर दोनदा जमिनीवर आपटला. कळपातली सगळी तोंडं वर झाली. मी कॅमेरा खाली घेतला आणि हललो नाही. मिनिटभराने एक कान माझ्याकडेच ठेवून तिने मान गवतात घातली.