भूल कमरेखाली, कान मात्र जागे

गुडघ्याचं ऑपरेशन चालू आहे. पाठीच्या कण्यात दिलेल्या इंजेक्शननं पाय बधिर झालेत, चिमटा काढला तरी कळणार नाही. छातीपाशी हिरवा पडदा लावलाय. त्यापलीकडचं दिसत काहीच नाही, पण ऐकू सगळं येतं. ट्रेमध्ये पडणाऱ्या अवजारांचा खणखणाट, रक्त ओढून घेणाऱ्या नळीची सुरसुर, मग करवतीची घरघर आणि त्यानंतर चक्क हातोडीचे ठोके. मध्येच कुणीतरी म्हणतं, ‘अजून थोडं घ्या.’ काय घ्या? कशातलं? रुग्ण मनातल्या मनात तर्क लढवत बसतो. मॉनिटरवरची टिकटिक त्याच्याच हृदयाची असल्यामुळे आपण घाबरलोय हे त्याला लपवताही येत नाही.

कण्यातून दिलेल्या या भुलीत, म्हणजे स्पायनलमध्ये, वेदना मेंदूपर्यंत पोचत नाहीत, पण कानाची वाट मोकळीच असते. मोतीबिंदू, सिझेरियन, हाताच्या शस्त्रक्रिया अशी कितीतरी ऑपरेशनं रुग्ण जागा असतानाच होतात. पूर्ण भुलीपेक्षा हे बऱ्याच बाबतीत सोपं पडतं, पण भीतीचा प्रश्न शिल्लक राहतो. आणि ती भीती नुसती मनात बसून राहत नाही. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग हाकाटी पिटतो, अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतात, नाडी पळू लागते, रक्तदाब चढतो. सर्जनला नेमकं तेव्हाच हे सगळं नको असतं.

यावर भूलतज्ज्ञांचं नेहमीचं उत्तर म्हणजे शिरेतून थोडं शामक, बहुतेक वेळा मिडाझोलाम. काम चोख करतं. पण त्यानं श्वास मंदावू शकतो आणि वयस्कर माणसं नंतर गोंधळल्यासारखी होऊ शकतात. मग मात्रा कमी ठेवून भीती आवरायची कशी? कानाच्याच वाटेनं, संगीत ऐकवून. हे उत्तर वाटतं तेवढं नवं नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात इव्हान केन नावाचे सर्जन होते. त्यांनी १९१४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात लिहून कळवलं, की मी ऑपरेशनच्या खोलीत फोनोग्राफ, म्हणजे गाणी वाजवणारं यंत्र, ठेवतो, त्यानं रुग्णाचं लक्ष भयंकर प्रसंगावरून उडतं आणि तो शांत राहतो. (हे केन जरा अजबच गृहस्थ. स्थानिक भुलीवर किती करता येतं हे दाखवायला १९२१ मध्ये त्यांनी स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच कापून काढलं! त्यांचं रुग्णाच्या मनःस्थितीबद्दलचं मत ऐकीव नव्हतं, एवढं नक्की.)

केन यांच्या अनुभवाला आकड्यांचं पाठबळ मिळायला शंभर वर्षं लागली. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला. ७३ चाचण्या, जवळपास ७,००० रुग्ण. ज्यांना संगीत ऐकवलं त्यांची चिंता कमी भरली, ऑपरेशननंतरचं दुखणं कमी भरलं आणि वेदनाशामक औषधंही कमी लागली. रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. गंमत अशी, की पूर्ण भुलीत असलेल्यांनाही थोडा फायदा दिसला. संगीत आधी लावलं, चालू असताना लावलं की नंतर, आणि कोणतं लावलं, यानं फार मोठा फरक पडला नाही. ‘संथ, शब्दांविना, मिनिटाला साठ ते ऐंशी ठोक्यांचंच संगीत हवं’ असं ठासून सांगितलं जातं, ते म्हणून जरा बेतानंच घ्यावं. संथ लयीबरोबर श्वास संथ होतो हे खरं, पण ज्याला त्या संगीताचा कंटाळा येतो त्याच्यासाठी लय कितीही शास्त्रशुद्ध असली तरी व्यर्थ.

पसंतीचा हा मुद्दा २०१९ च्या एका अमेरिकन चाचणीत चांगलाच वर आला. ऑपरेशनआधी नस बधिर करण्याचं इंजेक्शन घेणारे १५७ रुग्ण. निम्म्यांना मिडाझोलाम, निम्म्यांना हेडफोनमधून तीन मिनिटं चिंता कमी करण्यासाठी खास रचलेलं संगीत. चिंता दोन्हीकडे साधारण सारखीच उतरली. तरीही समाधानी जास्त होते ते औषधवाले. कारण असं सांगितलं गेलं, की संगीत संशोधकांनी निवडलेलं होतं, रुग्णाला विचारलेलंच नव्हतं. शिवाय बाहेरचा आवाज बंद करणाऱ्या हेडफोनमुळे डॉक्टर काय म्हणतायत ते नीट ऐकू येईना.

आता डोळ्यांकडे येऊ. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट चढवला की समोरचं छत आणि दिवे गायब होतात. मान वळवाल तिकडे ते दुसरं जग वळतं. या तंत्राची खरी कसोटी लागली ती भाजलेल्या रुग्णांच्या ड्रेसिंगमध्ये. जखम साफ करताना होणाऱ्या वेदना इतक्या असतात, की अफूजन्य औषधंही पुरी पडत नाहीत. सिअ‍ॅटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी या रुग्णांसाठी हेडसेटमध्ये एक बर्फाळ दरी तयार केली. रुग्ण त्या दरीतून तरंगत जातो आणि हिममानवांवर, पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो. आगीनं पोळलेल्याला बर्फात नेणं ही कल्पना मला स्वतःला फार आवडते, पण काम खरं करतो तो गोळ्यांचा नेम. नेम धरायला लक्ष लागतं, आणि मेंदूकडे लक्ष मोजकंच असतं. ते बर्फात खर्ची पडलं की वेदनेच्या वाट्याला कमी उरतं. हे नुसतं रुग्णांच्या सांगण्यावर सोडलेलं नाही. निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेला गरम चटके देऊन एमआरआयमध्ये पाहिलं, तर वेदनेशी जोडलेल्या मेंदूच्या पाच भागांतली हालचाल खरोखरच मंदावलेली दिसली.

ऑपरेशन टेबलावरचा एक लहान प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताची शस्त्रक्रिया, हात बधिर, रुग्ण ३४. निम्म्यांना हेडसेट. कुरण, जंगल, डोंगरमाथा, यातलं हवं ते त्यांनी निवडायचं. गुंगीचं औषध प्रोपोफोल हेडसेटवाल्यांना ताशी सरासरी १२५ मिलिग्रॅमच्या आसपास लागलं, बाकीच्यांना ७५०. समाधान दोन्ही गटांचं सारखंच, आणि हेडसेटवाले नंतर निगराणीच्या खोलीतून लवकर बाहेर पडले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण रुग्ण थोडे होते. शिवाय कोणाच्या डोळ्यांवर हेडसेट आहे हे रुग्णालाही दिसतं आणि औषध देणाऱ्यालाही. खोटी गोळी देता येते, खोटं जंगल कसं दाखवणार? या सगळ्याच संशोधनाला ही अडचण आहे.

हेडसेटचे त्रासही आहेत. डोळे सांगतात ‘चाललोय’, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते ‘पडून आहोत’, आणि या भांडणात मळमळ सुरू होते. आडव्या पडलेल्या माणसाला उलटी होणं ही भूलतज्ज्ञाची मोठी काळजी. म्हणून ऑपरेशनसाठी वेगानं पळणारी नाही, तर जवळजवळ स्थिर दृश्यं बरी. फेफऱ्याचा त्रास असलेल्यांना सहसा हे देत नाहीत. डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत तर हेडसेट बसायला जागाच नाही. आणि एका रुग्णाचा हेडसेट दुसऱ्याला घालण्याआधी तो जंतुविरहित करावा लागतो, हे काम कुणाच्या तरी गळ्यात पडतंच.

म्हणून मला विचाराल तर बहुतेक ठिकाणी साधे इअरफोनच पुढे राहतील. आदल्या दिवशी रुग्णाला काय ऐकायचंय ते विचारायचं, आवाज कमी-जास्त करणं त्याच्या मोकळ्या हाताशी ठेवायचं आणि एक कान उघडा सोडायचा. काहींना कानात काहीच नको असतं. काय चाललंय ते कळत राहिलं तरच त्यांना धीर येतो. त्यांच्यावर जंगल लादू नये.

त्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये हातोडीचे ठोके मात्र कुठल्याच हेडफोननं थांबत नाहीत. ते हाडातून, टेबलातून थेट अंगात येतात. दुखत नाही, पण सगळं शरीर हादरतं. अशा वेळी भूलतज्ज्ञ रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवतात आणि उघड्या कानाशी वाकून सांगतात, ‘काका, आता पाच-सहा ठोके बसतील. हादरे जाणवतील, घाबरू नका.’