नॉलेज बेसमधील नॅव्हिगेशन

ग्राहकाला मदतकक्षाशी न बोलता आपल्या अडचणीचे उत्तर स्वतः शोधता यावे, यासाठी ऑनलाइन ठेवलेल्या लेखसंग्रहाला नॉलेज बेस किंवा हेल्प सेंटर म्हणतात. विभागांची मांडणी, मेनू, शोधपेटी, लेखांमधल्या लिंका, पानाच्या माथ्यावरची ‘मुख्यपान › खाते › पासवर्ड’ अशी ओळ, असे जे जे वाचकाला उत्तरापर्यंत नेते ते सगळे मिळून त्याचे नॅव्हिगेशन होते. उत्तर लिहून ठेवले पण सापडले नाही, तर ग्राहकाच्या लेखी ते नसल्यातच जमा.

येथे येणारा माणूस निवांत वाचायला आलेला नसतो. पैसे कापले गेलेले असतात किंवा लॉगिन होत नसते. तो मथळ्यांवरून नजर फिरवतो आणि ओळखीचा शब्द दिसला तरच थांबतो. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या संशोधकांनी १९९९ मध्ये सविस्तर मांडलेला माहितीशोधाचा सिद्धान्त या वागण्याची तुलना भक्ष्य शोधणाऱ्या प्राण्याशी करतो. वास येत राहिला तर प्राणी पुढे जातो, विरला की दिशा बदलतो. लिंकेचे शब्द हाच येथला वास. ‘इतर’, ‘सर्वसाधारण माहिती’, ‘अधिक जाणून घ्या’ या नावांना तो नसतो, म्हणून असे विभाग जितके कमी तितके बरे.

बहुतेक नॉलेज बेस अडतात ते शब्दांपाशीच. जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकाच गोष्टीसाठी दोन माणसांनी आपणहून एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी आढळली. म्हणजे संपादकाने कितीही विचार करून एक नाव ठरवले, तरी बहुसंख्य वाचकांच्या मनात दुसरेच असणार. कंपनी ‘परतावा धोरण’ लिहिते. ग्राहक ‘पैसे परत कधी मिळणार’ किंवा नुसतेच ‘रिफंड’ टाइप करतो. यावर उपाय म्हणजे एका लेखाला अनेक नावांनी वाट ठेवणे: समानार्थी शब्द शोधयंत्रणेत भरणे, चुकीची स्पेलिंग सामावून घेणे, मथळा ग्राहकाच्या तोंडच्या भाषेत लिहिणे. हे शब्द मिळतात ते ग्राहकांच्या तक्रारींच्या मजकुरात आणि शोधपेटीच्या नोंदींत. ज्या शोधांना एकही निकाल मिळाला नाही त्यांची यादी दर आठवड्याला वाचणे, हे या कामातले सर्वांत फलदायी काम आहे.

विभाग किती असावेत आणि किती खोल, यावर बराच वाद झाला. केविन लार्सन आणि मेरी चेर्विन्स्की यांनी १९९८ मध्ये ५१२ पानांची वेगवेगळी रचना करून पाहिली. प्रत्येकी आठ पर्यायांच्या तीन पातळ्या असलेली रचना दोन पातळ्यांच्या रुंद रचनांपेक्षा संथ ठरली. मेनूत सातच पर्याय हवेत, ही समजूत मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधावरून रूढ झाली. तो निबंध स्मरणाच्या मर्यादेविषयी आहे, आणि मेनू तर डोळ्यांसमोरच असतो, लक्षात ठेवावा लागत नाही. कोणतेही पान तीन क्लिकमध्ये सापडलेच पाहिजे, या नियमाचेही तसेच. प्रत्येक पायरीवर आपण बरोबर चाललो आहोत अशी खात्री वाटत असेल तर चौथ्या क्लिकने कोणी कंटाळून जात नाही.

विभाग कंपनीच्या खात्यांप्रमाणे पाडणे ही नेहमीची चूक. आपली अडचण बिलिंगची की तांत्रिक, हे ग्राहकाला माहीत असण्याचे कारण नाही. त्याच्या मनातली विभागणी ओळखण्यासाठी दोन चाचण्या वापरतात. कार्ड सॉर्टिंगमध्ये विषय लिहिलेली कार्डे वापरकर्त्यांना देऊन त्यांच्या मनाप्रमाणे गट करायला सांगतात. ट्री टेस्टिंगमध्ये याच्या उलट, तयार विभागांची नुसती नावे दाखवून ‘हे उत्तर कुठे शोधाल?’ असे विचारतात. पान बांधण्याआधीच यातून चुकीची वळणे दिसतात.

अनेक वाचक मुख्यपानावर येतच नाहीत. बाहेरच्या सर्च इंजिनमधून थेट एखाद्या लेखावर उतरतात. त्यामुळे प्रत्येक लेख प्रवेशद्वार मानावा लागतो: वर स्थान दाखवणारी ओळ, लांब लेखात अनुक्रम, शेवटी दोनतीन खरोखर संबंधित लेख. यंत्राने आपोआप जोडलेले दहा लेख हा गोंगाट असतो. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांतही, एखाद्या प्रक्रियेतल्या पायऱ्या सोडल्यास, पानापर्यंत एकाहून अधिक मार्ग असावेत अशी अपेक्षा आहे. लेख एकत्र केले किंवा हलवले तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट ठेवावा.

पाने किती पाहिली गेली यावरून यश मोजता येत नाही, कारण भरकटलेला वाचकही खूप पाने उघडतो. शोध बदलून पुन्हा केला का, आणि लेख वाचूनही तक्रार नोंदवावी लागली का, हे पाहणे अधिक उपयोगी. तक्रारी कमी दिसाव्यात म्हणून ‘संपर्क साधा’ ही लिंक खोलवर दडवणे मात्र गैर आहे. उत्तर न मिळालेल्या ग्राहकाला माणसापर्यंत नेणारी वाट हाही नॅव्हिगेशनचाच भाग असून ती प्रत्येक लेखाखाली दिसायला हवी.